दहा हात दोर

म्हातारीचं डोकं त्या दिवशी उजाडल्यापासून फिरलेलं होतं. रांगेतल्या तीस होड्यांत तिला सगळे 'फौजदार' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. सत्तरी उलटलेली, अंगाने वाळकी, पण आवाज असा खणखणीत की पलीकडच्या काठावरचा माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा. आणि डोकं फिरायला कारण होता तिचा थोरला मुलगा. धाकट्याचा प्रश्नच नव्हता. तो कधीच जमिनीवर राहायला गेला, बर्फाच्या कारखान्यात चिकटला, आणि हल्ली वर्षातून एकदा आईला भेटायला आला की होडीत पाय ठेवताच त्याला मळमळायला लागतं. पाण्यावर जन्मलेला पोरगा, आणि काठावरून आईला विचारतो, तूच येतेस का इकडे. तेव्हा आईला सांभाळायचं ते थोरल्याने.

सांभाळायचं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ही माणसं पाण्यावरच राहतात. एक होडी म्हणजे एक घर. पुढे जाळी, मधे छप्पर आणि त्याखाली अंथरुणं, मागे शेगडी. पोराचं लग्न झालं की वेगळी होडी, वेगळी शेगडी. आईबाप थकले, लांब पल्ल्याचं वल्हवणं होईनासं झालं, की त्यांची होडी पोराच्या होडीमागे दोराने बांधायची. वर्षातून दोनदा सगळी रांग मासळीमागे हलते, एकदा खाडीच्या तोंडाशी, एकदा आत. तेव्हा पोराने ओढायचं आणि म्हाताऱ्या माणसाने मागे बसून सुकाणू धरायचं. होडी आपली, शेगडी आपली, फक्त हात पोराचे. यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आता वल्हवणारा माणूस बसतो उलटा. जायचं पुढे, पण तोंड मागे. म्हणजे पोरगा दिवसभर वल्ही मारतो आणि दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या होडीतली आई. दोर दहा हातांचा, त्यामुळे बोलणं होतं, भांडण होतं, भांडण मिटतं आणि पुन्हा नवं निघतं. त्याहून लांब दोर कोणी बांधला, तर सगळ्या रांगेला न सांगता कळतं की यांचं बोलणं बंद आहे. म्हातारीच्या चुलत सासऱ्याला त्याच्या मुलाने एकदा पंचवीस हातांवर बांधलं होतं. पन्नास वर्षं झाली, दोघेही मेले, अजून लोक त्यावर बोलतात.

आणि यंदा थोरल्याने इंजिन घेतलं.

घेतलं ते चांगलंच केलं, म्हातारीचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पोराचे खांदे रात्र रात्र दुखत ते तिला ठाऊक होतं, तेल तीच चोळत होती. पण इंजिनाबरोबर त्याला अक्कलही नवीन आली. एके दिवशी जाळ्याचं भोक विणता विणता, मान वर न करता म्हणाला, "आई, तुझी होडी आता मोडूया. फळ्या अजून चांगल्या आहेत, माझ्या छपराला होतील. तू आमच्यात ये."

"तुमच्यात म्हणजे कुठे?"

"पुढे. जाळ्यांशेजारी जागा करतो."

"बरं. आणि मासळी जास्त आली की मला कुठे ठेवणार, बर्फात?"

सून फसकन हसली. थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती भांडं घेऊन आत गेली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. मागे ओझं असलं की डिझेल जास्त जातं. होडी जुनी झाली. तूही जुनी झालीस. उद्या काही झालं तर रांग मला नावं ठेवणार. म्हातारीचं म्हणणं त्याहून सरळ होतं. याच होडीत तिची दोन्ही बाळंतपणं झाली, याच होडीत नवरा गेला, आणि दरवर्षी फटींत कापूस ठासून डांबर लावलं ते तिच्याच हातांनी. "माझ्या शेगडीवर माझा चहा उकळतोय, तोवर मी माणूस आहे," ती म्हणाली. "तुझ्या बायकोच्या शेगडीशेजारी येऊन बसले की मी सामान झाले. सामान कुठे ठेवायचं ते घरधनी ठरवतो."

महिनाभर हेच चाललं. समोरासमोर दोन होड्या, सकाळी भांडण, दुपारी अबोला, संध्याकाळी सून मधे. शेवटी दाजींनी तोडगा काढला. दाजी रांगेतल्या पुरुषांत सगळ्यांत वडील, नात्याने म्हातारीचे धाकटे दीर, आणि म्हणूनच तिच्यापुढे जरा जपून बोलणारे.

"वहिनी, आता रांग आत हलेल. या खेपेला बघू. तुम्ही नीट पोचलात, तर होडी तुमची, हा विषय पुन्हा निघायचा नाही. वाटेत काही झालं, तर मुकाट्याने मुलाच्या होडीत जायचं आणि होडी मोडायला द्यायची. कबूल?"

"कबूल," म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली. "काही झालं तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

ती तोंडातून शब्द काढणार नाही हे बघायला मिळावं, एवढ्यासाठीच निम्मी रांग मनातून काहीतरी व्हायची वाट बघत होती.

निघायच्या सकाळी थोरला दोर घेऊन आला. नवाकोरा, पिवळा, भलं मोठं वेटोळं. म्हातारीने नुसत्या नजरेनेच तो मोजला. चाळीस हात.

"हे काय?"

"इंजिनाला लांब दोर लागतो, आई. मागे पाणी उसळतं. जवळ बांधलं तर तुझी होडी त्या उसळीत सापडेल."

तो खरं बोलत होता. पण तीस होड्यांतली माणसं नांगर उचलता उचलता बघत उभी होती, आणि म्हातारीला दिसले ते फक्त चाळीस हात. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

"माझ्याशी बोलायचं नसेल तर तोंडाने सांग. चारचौघांत दोर दाखवून सांगू नकोस."

"आई, तसं काही नाहीये."

"तुझ्या बापाने आपल्या आईला वीस वर्षं ओढलं. दहा हातांवर. एक दिवस अकरावा हात सोडला नाही. बांध जुना दोर."

थोरल्याचं तोंड पडलं. पिवळं वेटोळं त्याने धाडकन आपटलं आणि जुना दोर बांधला. गाठ मारताना एवढंच म्हणाला, "घे. दहा हात. मग बोंबलू नकोस."

ही चूक तिची. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जन्म पाण्यावर गेला, वारा हुंगून भरती सांगणारी बाई, पण इंजिनाने ओढलेल्या होडीत ती कधी बसलीच नव्हती. दोर म्हणजे मान, एवढंच तिला माहीत. दोर म्हणजे उसळत्या पाण्यापासूनचं अंतर, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

पहिला तासभर बरा गेला. बरा म्हणजे, होडी चालली होती. पण म्हातारीला काही चैन पडेना. समोर दहा हातांवर पोराची पाठ. इंजिन चालवणारा पुढे तोंड करून बसतो, त्यामुळे दिसते ती फक्त पाठ, आणि त्यावरचं तिनेच लावलेलं ठिगळ. "पोटात काही घातलंस का?" असं तिने दोनदा विचारलं. पाठ काही बोलली नाही. इंजिनाची ती धडधड, कोणाला काय ऐकू जाणार? चाळीस वर्षं तिने ज्याला दिवसभर फैलावर घेतलं तो दहा हातांवर होता, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदाच बोलायला कोणी नव्हतं.

मग खाडी रुंद झाली, समोरून वारा आला, आणि रांगेबरोबर राहायला थोरल्याने वेग वाढवला. म्हातारीच्या होडीचं पुढचं टोक त्या उसळीत शिरलं. पहिली लाट आत आली ती घोट्यापर्यंत. दुसरीने अंथरूण भिजवलं. तिने सुकाणूला फडका करकचून बांधला, डबा उचलला आणि उपसायला लागली. एक डबा बाहेर, तर दोन आत. मागून शेगडी चुर्र करून विझली, आणि तिथे म्हातारीचं तोंड सुटलं.

"अरे आंधळ्या," ती ओरडली. "अरे बहिऱ्या, मागे बघ. तुला पोसला त्यापेक्षा एखादं म्हसरू पोसलं असतं तर हंबरलं तरी असतं."

पाठ जागची हलली नाही.

दहा हातांवर हात काही पोचत नाही, पण वस्तू फेकता येते. तिने पातेल्याचं झाकण भिरकावलं. ते वाऱ्याने वळलं आणि गेलं पाण्यात. मग कांदे. एकामागून एक आठ कांदे, दोन त्याच्या होडीत पडले, बाकीचे मासळीला. मग चप्पल. मागून फेकून पोचत नाही म्हणून ती पुढच्या टोकाला गेली, आणि तिच्या वजनाने टोक आणखी खाली गेलं. ते तिला कळत होतं. कळत असून गेली, कारण रागाला वजन कळत नाही. एका हाताने छपराचा वासा धरून तिने पितळेची पळी अशी फेकली की ती इंजिनाच्या पेटीवर खणकन आदळली.

कमरेला सुरी होती. एक घाव, आणि दोर तुटला असता. होडी मोकळी झाली असती, उसळीतून सुटली असती. पण मग वाहत कुठेतरी लागली असती, आणि 'वाटेत काही झालं' म्हणायला रांग मोकळी. तिने सुरी काढली, दोराला लावली, आणि परत खोचली. पाणी नडगीला आलं होतं. ती पुन्हा वाकली आणि उपसू लागली. अंगात ताकद उरली नव्हती, शिव्या मात्र उरल्या होत्या. त्या तिने एकेक करून सगळ्या संपवल्या.

आणि अचानक इंजिन बंद पडलं. पुढची होडी जागीच थबकली, मागची काही थांबेना. धाडकन टोक जाऊन पुढच्या होडीवर आदळलं, म्हातारी तोंडावर पडता पडता राहिली. थोरल्याने उडी मारली, बादली घेऊन आत आला, धापा टाकत पाणी उपसायला लागला.

"तुला सांगितलं होतं ना लांब दोर बांधू," उपसता उपसता तो ओरडत होता. "सांगितलं होतं का नाही? त्या आवाजात मला काय ऐकू येणार? पळी आदळली म्हणून बरं, नाहीतर कळलंसुद्धा नसतं."

म्हातारी छपराखाली बसून राहिली. दोर तिनेच आखूड करून घेतला होता. पुढचा सगळा रस्ता पिवळ्या दोरावर, चाळीस हातांवरून झाला, आणि ती एक शब्द बोलली नाही.

दुपार कलताना रांग आतल्या पाण्यात लागली. नांगर पडले, धूर निघू लागले. दाजी दोघांना घेऊन छोट्या होडीतून आले, तेव्हा म्हातारी सामान बांधत होती. ओलं अंथरूण पिळून गुंडाळलं होतं. डबे एकात एक घातले होते. पातेल्याला झाकण नव्हतं, त्यावर तिने फडकं बांधलं होतं. थोरला पुढच्या होडीच्या काठावर उभा, हातात पहार. आईचं सामान अजून हललं नव्हतं आणि हा फळ्या उचकटायला तयार. त्याला पाहून दाजींनासुद्धा कसंतरी झालं.

"वहिनी, आजच नको. दोन दिवस जाऊ देत."

"कशाला? शब्द आजचा होता." म्हातारीने मान वर केली नाही. "चूक माझी आहे, दाजी. लांब दोर नको, मीच म्हणाले. त्याला आवाजात ऐकू आलं नाही, त्यात त्याचा काय दोष. पळी आदळली म्हणून कळलं, तेव्हा थांबला बिचारा."

"ते थांबले नाहीत."

हे बोलली सून. पुढच्या होडीच्या छपराखाली उभी होती, हात ओले, तोंड पांढरं पडलेलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत ती चारचौघांत नवऱ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नव्हती.

"तू आत जा," थोरला म्हणाला.

"जाते. बोलून जाते." तिने सासूकडे पाहिलं. "आई, त्यांनी दोनदा मागे बघितलं. एकदा तुम्ही वाकून पाणी उपसत होतात तेव्हा. आणि एकदा पळी आदळली त्यानंतर. त्या वेळी तुम्ही परत खाली वाकला होतात. मी म्हटलं, थांबवा. तर म्हणाले, थोडं भरू दे, म्हणजे आपणहून येईल. मी दोनदा म्हटलं, ऐकलं नाही. मग मी डिझेलची तोटी बंद केली. इंजिन मी थांबवलं."

दाजींबरोबर आलेल्या दोघांपैकी एक जण उगाच खोकला. सगळे आता म्हातारीच्या आवाजाची वाट बघत होते. आजूबाजूच्या होड्यांतली भांडी घासणारी माणसं घासायची थांबली. म्हातारी हळूच उठली, गाठोड्याला धरून उभी राहिली.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?" थोरला म्हणाला.

"किती पाणी. थोडं म्हणजे किती ते सांग मला. घोट्याएवढं झालं तेव्हा तू पहिल्यांदा बघितलंस. नडगीला आलं तेव्हा दुसऱ्यांदा. पुढे गुडघा, मग मांडी. तू कुठवर ठरवलं होतंस?"

"आई, तसं नव्हतं."

"मग कसं होतं? शेगडी विझली ती तुला दिसली. मी पडले असते तर दिसले असते, की तेवढ्यापुरतं पुढे बघायचं होतं?"

थोरल्याचं तोंड लाल झालं. पहार त्याने दाणकन फळीवर टेकवली. महिन्याभराचा, कदाचित चाळीस वर्षांचा राग वर आला.

"तू एकदा थांब म्हणाली असतीस तर थांबलो असतो," तो ओरडला. "एकदा. तू आंधळा म्हणालीस, बहिरा म्हणालीस. कांदे मारलेस, चप्पल मारलीस. सगळं म्हणालीस, पण थांब म्हणाली नाहीस. आजवर कधी कोणाला म्हणाली नाहीस. बाबांना नाही, मला नाही. मी वाट बघत होतो. मला एकदा ऐकायचं होतं तुझ्या तोंडून."

म्हातारीला ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. पाणी नडगीला आलं तेव्हा तो शब्द तिच्या जिभेवर आला होता, आणि तिने तो गिळला होता. त्याच्या जागी तिने पोराला गाढव म्हटलं होतं. तिला आठवत होतं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला ते नीट बघायला मिळत होतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "नाही म्हटलं मी. आणि म्हटलंही नसतं. शेवटपर्यंत. तू मला ओळखतोस."

"हो ना."

"मग?"

थोरल्याने तोंड उघडलं. दाजी त्याच्याकडे बघत होते, बायको बघत होती, शेजारच्या होड्या बघत होत्या. त्याने एकदा पहार या हातातून त्या हातात घेतली.

"वहिनी," दाजी घसा साफ करून म्हणाले, "अशा परिस्थितीत तुम्ही शब्द मोडला असं कोणी धरणार नाही."

"धरा की. मी मोडतेय म्हणूनच धरा. मला नको कोणाची सूट." तिने गाठोड्याची गाठ सोडली, ओलं अंथरूण झटकलं आणि छपरावर वाळत टाकलं. डबे एकातून एक काढून जागच्या जागी लावले. मग उपसायचा डबा शोधला. होडीच्या तळाशी अजून वीतभर पाणी होतं, त्यात कांद्याची सालं तरंगत होती.

थोरला पहार ठेवून तिच्या होडीत उतरला. खाली बघतच त्याने हात पुढे केला.

"दे. मी उपसतो."

"नको," म्हातारी म्हणाली. "किती झालं म्हणजे पुरे, ते तुला कळत नाही."

आणि ती वाकून पाणी उपसायला लागली.